महीनचे घोडे

(पाठपरिचय : एखादे काम त्याच्या काळात लोकांना पटत नाही, पण पुढच्या पिढीला तेच काम आपलेसे वाटते. असे का होते? कोलकाता शहरातील सात तरुणांनी १९७५ च्या सुमारास बंगाली भाषेत एक नवे संगीत घडवले. त्यांचे पथक सहा-सात वर्षेच टिकले. पण त्याचा प्रभाव आजही दिसतो. या पाठात त्या पथकाची माहिती दिली आहे.)

गाणे कोणाला आवडत नाही? लग्नघरी, शाळेच्या स्नेहसंमेलनात, एस.टी.च्या लांबच्या प्रवासात गाणे आपल्या सोबत असते. पण हे गाणे कोठून आले, त्याची चाल प्रथम कोणाला सुचली, असा प्रश्न आपण सहसा विचारत नाही.

२००६ साली 'गँगस्टर' हा हिंदी चित्रपट आला. त्यातील 'भीगी भीगी' हे गाणे खूप गाजले. संगीतकार होते प्रीतम आणि गाणे गायले होते बांगलादेशाचे प्रसिद्ध गायक जेम्स यांनी. या गाण्याची मूळ चाल मात्र मुंबईत जन्मलेली नव्हती. ती अकरा वर्षे आधी, १९९५ साली, कोलकात्यात निघालेल्या एका बंगाली गाण्याची होती. त्या बंगाली गाण्यामागे होते त्याहूनही वीस वर्षे जुने एक संगीत पथक. त्याचे नाव 'महीनेर घोडागुलि'.

नाव ऐकून तुम्हांला गंमत वाटली असेल. उर्दूत 'महीन' म्हणजे बारीक. महीन कपडा, महीन आवाज असे आपण म्हणतो. येथे मात्र 'महीन' हे माणसाचे नाव आहे. बंगालीत 'महीनेर' म्हणजे महीनचे. 'गुलि' म्हणजे बंदुकीची गोळी नव्हे! बंगालीत नामाला 'गुलि' जोडले की त्याचे अनेकवचन होते. म्हणून 'महीनेर घोडागुलि' म्हणजे 'महीनचे घोडे'. हे शब्द जीवनानंद दास या बंगाली कवीच्या 'घोडा' नावाच्या कवितेतून घेतलेले आहेत.

संगीत पथकाने असे नाव का घेतले असेल? ते समजण्यासाठी आधी थोडे मागे जाऊ या.

१९६० नंतरच्या दहा वर्षांत अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये संगीतात मोठा बदल होत होता. तेथे लोकगीतांची परंपरा जुनी होती. लोकगीत म्हणजे शेतकऱ्यांचे, मजुरांचे, खलाशांचे गाणे. साध्या गिटारवर, साध्या शब्दांत ते गायले जाई. दुसरीकडे शहरांत रॉक नावाचे नवे संगीत लोकप्रिय झाले होते. त्यात विजेवर चालणारी गिटार असे, ड्रमचा जोरदार ठेका असे. १९६५ साली 'द बर्ड्स' या अमेरिकन पथकाने आणि बॉब डिलन या गायकाने हे दोन प्रवाह एकत्र आणले. शब्द आणि भाव लोकगीताचे, वाद्ये आणि ठेका रॉकचा. या मिश्रणाला लोक 'फोक-रॉक' म्हणू लागले. त्याच वर्षी जुलै महिन्यात न्यूपोर्ट येथील लोकसंगीताच्या महोत्सवात डिलन विजेची गिटार घेऊन मंचावर आले, तेव्हा काही श्रोत्यांनी आरडाओरडा करून नाराजी दाखवली. जुन्या गोष्टीत नवे काही मिसळले की असा विरोध होतोच.

या गोष्टीचा बंगालशी संबंध काय? संबंध आहे. बंगालमध्ये बाउल नावाचे गायक शेकडो वर्षांपासून गावोगाव फिरत आले आहेत. हातात एकतारा किंवा दोतारा, पायात घुंगरू आणि ओठांवर गाणे. ईश्वर बाहेर शोधू नका, तो माणसाच्या आतच आहे, असे त्यांच्या गाण्यांचे सांगणे असते. बाउलांमध्ये हिंदूही आहेत आणि मुसलमान फकीरही आहेत. लालन फकीर हे त्यांच्यातील सर्वांत मोठे नाव. ते आजच्या बांगलादेशातील कुष्टिया भागात राहत आणि १८९० साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या गाण्यांचा रवींद्रनाथ टागोरांवरही मोठा परिणाम झाला होता. बंगालचे पूर्णदास आणि लक्ष्मणदास हे बाउल गायक अमेरिकेत गेले होते. १९६७ साली निघालेल्या बॉब डिलन यांच्या 'जॉन वेस्ली हार्डिंग' या ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठावर त्या दोघांचे छायाचित्र डिलन यांच्या शेजारी आहे. म्हणजे बंगालचा एकतारा आणि अमेरिकेची गिटार यांची ओळख आधीच झाली होती. दोघांना एकाच गाण्यात आणण्याचे काम बाकी होते. ते काम कोलकात्याच्या एका तरुणाने हाती घेतले. त्यांचे नाव गौतम चट्टोपाध्याय.

गौतम चट्टोपाध्याय यांचे घर दक्षिण कोलकात्यात नाकतला भागात होते. ते प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये शिकले. गिटार, सॅक्सोफोन, बासरी अशी अनेक वाद्ये ते वाजवीत. त्या काळी कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरील हॉटेलांत रोज संध्याकाळी पाश्चात्त्य संगीत चाले. तेथे गौतमही एका पथकाबरोबर गिटार वाजवीत. तेथील गाणी इंग्रजी होती आणि ऐकणारे लोक शहरातील श्रीमंत होते. रस्त्यावरचा बंगाली माणूस त्या गाण्यांत कोठेच नव्हता.

ते दिवस फार अशांत होते. १९६७ साली उत्तर बंगालमधील नक्षलबारी गावात शेतकऱ्यांचे बंड झाले आणि त्यातून उग्र राजकीय चळवळ उभी राहिली. कोलकात्याचे अनेक हुशार विद्यार्थी शिक्षण सोडून तिच्यात ओढले गेले. एकीकडे हिंसा, दुसरीकडे पोलिसांची कठोर कारवाई. अनेक घरांतील मुले परत आलीच नाहीत. १९७१ साली बांगलादेशाचा मुक्तिसंग्राम झाला आणि सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांतील फार मोठा भाग बंगालमध्ये राहिला. शहरात बेकारी होती, तासन्‌तास वीज नसे. गौतमही त्या चळवळीत सामील झाले होते. त्यांना अटक झाली, तुरुंगवास घडला. सुटल्यावर काही काळ त्यांना बंगालबाहेर, मध्य प्रदेशात नोकरी करून राहावे लागले.

१९७५ च्या सुमारास ते घरी परतले. हातात बंदूक नव्हती, गिटार होती. जे सांगायचे ते आता गाण्यातून सांगायचे, असे त्यांनी ठरवले असावे. घरातच साथीदार मिळाले. प्रदीप आणि विश्वनाथ हे त्यांचे दोन भाऊ आले. प्रदीप बासरी आणि बेस गिटार वाजवीत, विश्वनाथ ड्रम वाजवीत. नात्यातील रंजन घोषाल गीते लिहीत आणि वृत्तपत्रांशी संपर्क ठेवीत. तापस दास आणि तपेश बंद्योपाध्याय हे मित्र गात आणि गिटार वाजवीत. अब्राहम मजुमदार पियानो आणि व्हायोलिन वाजवीत. त्यांनी पाश्चात्त्य संगीताचे रीतसर शिक्षण घेतले होते. असे सात जण झाले. सात होते म्हणून आरंभी 'सप्तर्षी' हे नाव ठेवले. मग 'तीरंदाज' ठेवले. एकदा तर 'गौतम चॅटर्जी बी.एस्सी. ओ संप्रदाय' असेही विनोदी नाव घेतले! शेवटी रंजन घोषाल यांनी 'महीनेर घोडागुलि' हे नाव सुचवले आणि तेच कायम झाले.

जीवनानंद दास यांच्या कवितेतून नाव घेण्यात एक अर्थ आहे. जीवनानंद १८९९ साली आजच्या बांगलादेशातील बरिशाल येथे जन्मले. ते कॉलेजात शिकवीत. त्यांच्या कविता नव्या वळणाच्या होत्या. त्या समजत नाहीत, अशी टीका अनेकांनी केली. १९५४ साली कोलकात्यात ट्रामच्या अपघातात ते जखमी झाले आणि काही दिवसांनी वारले. त्यानंतर त्यांच्या घरातील पेट्यांतून कितीतरी अप्रकाशित लेखन बाहेर आले. आज रवींद्रनाथांनंतरचे मोठे बंगाली कवी म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. आपल्या काळाने ओळखले नाही, पुढच्या काळाने ओळखले. त्यांच्या शब्दांवरून नाव घेतलेल्या पथकाचे नशीबही पुढे तसेच निघाले.

आता या पथकाने नवे काय केले ते पाहू. त्या काळचे बंगाली गाणे म्हणजे रवींद्रसंगीत, नजरुलगीत, चित्रपटगीत आणि 'आधुनिक गान' म्हणून ओळखले जाणारे भावगीत. हार्मोनियम, तबला, सतार, व्हायोलिन यांची साथ असे. कवी वेगळा, संगीतकार वेगळा, गायक वेगळा. विषय बहुधा प्रेम, विरह, निसर्ग. ही गाणी सुंदर होती, यात शंका नाही. परंतु वीज गेलेल्या खोलीत नोकरीची वाट पाहणारा तरुण त्यांत सापडत नव्हता.

महीनच्या घोड्यांनी तीन गोष्टी बदलल्या. पहिली, गाणे लिहिणे, चाल लावणे, वाजवणे आणि गाणे हे सर्व त्यांनी आपसांत केले. दुसरी, त्यांनी बाउलांची चाल घेतली आणि तिला बेस गिटार, ड्रम आणि सॅक्सोफोनची जोड दिली. बेस गिटार खालच्या, जड सुरांनी गाण्याचा पाया धरते. ड्रम ठेका सांभाळतात. त्यांच्यावर बासरी आणि बाउलाचा मोकळा आवाज फिरत राहतो. स्वतः गौतम या संगीताला 'बाउल जाझ' म्हणत. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे शब्द. त्यांच्या गाण्यात कोलकाता शहर आले, माणसाचा एकटेपणा आला, रोजची बोलभाषा आली.

त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९७७ साली निघाली. तिचे नाव लांबलचक होते : 'संविग्न पाखिकुल ओ कलकाता विषयक'. म्हणजे 'उद्विग्न पक्ष्यांचे थवे आणि कोलकात्याविषयी'. दुसरी १९७८ साली निघाली : 'अजाना उडंत वस्तु वा अ-उ-ब'. म्हणजे आकाशात दिसलेली अनोळखी उडती वस्तू. तिसरी १९७९ साली निघाली : 'दृश्यमान महीनेर घोडागुलि'. म्हणजे 'दिसू लागलेले महीनचे घोडे'. त्यांच्या एका गाण्याचे नाव आहे 'चैत्रेर काफन'. यातील 'काफन' शब्द तुम्ही लगेच ओळखला असेल. चैत्राचे कफन! वसंताचा महिना आणि कफन हे दोन शब्द शेजारी ठेवताच केवढे दुःख समोर उभे राहते, पाहा.

तुमच्यापैकी अनेकांनी ध्वनिमुद्रिका पाहिलीही नसेल. ती काळ्या रंगाची गोल, चपटी तबकडी असे. तिच्यावर केसासारखी महीन खाच कोरलेली असे. तबकडी फिरू लागली की सुई त्या खाचेतून सरकत जाई, थरथरे आणि त्या थरथरीतून आवाज निघे. लहान तबकडीच्या एका बाजूला काही मिनिटांचेच गाणे मावे. तबकडी विकत घ्यायला पैसे लागत, वाजवायला यंत्र लागे, यंत्राला वीज लागे. साधा विद्यार्थी हे सर्व कोठून आणणार? त्यामुळे ज्या तरुणांसाठी ही गाणी होती, त्यांच्यातील अनेकांपर्यंत ती पोहोचलीच नाहीत.

आणि ज्यांच्यापर्यंत पोहोचली त्यांना तरी आवडली का? थोड्यांना फार आवडली, पुष्कळांना मुळीच आवडली नाहीत. रवींद्रनाथांच्या भाषेत हा कसला गोंगाट, असे जुन्या वळणाच्या श्रोत्यांना वाटे. ज्यांना पाश्चात्त्य संगीत हवे होते, ते इंग्रजी गाणी ऐकत. बंगालीत रॉक ही कल्पनाच त्यांना विचित्र वाटे. कोलकात्याच्या रवींद्र सदनात आणि १९८० साली जाझ महोत्सवातही त्यांचे कार्यक्रम झाले. पण तबकड्या फारशा खपल्या नाहीत. गाण्यावर पोट भरेना. एकेकाला नोकरीसाठी, संसारासाठी वेगळी वाट धरावी लागली. कोणी बंगळूरला गेले, कोणी परदेशी गेले. १९८१ साली पथक संपले.

गौतम चित्रपटांकडे वळले. नदीवर नावेत राहून सापांचे खेळ करणाऱ्या भटक्या लोकांच्या जीवनावर त्यांनी 'नागमती' (१९८३) हा चित्रपट केला. बंगाली भाषेतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. पण गाणे त्यांनी सोडले नाही. त्यांच्या घरी तरुण मुले येत, बसत, गात. लहानथोर सगळे त्यांना 'मणिदा' म्हणत. बंगालीत 'दा' म्हणजे दादा, उर्दूत आपण 'भाई' म्हणतो तसे.

दरम्यान काळ बदलत होता. कॅसेट आली. तबकडीपेक्षा ती कितीतरी स्वस्त होती. एका कॅसेटवरून दुसरी कॅसेट घरीच भरून घेता येई. मित्राकडून मित्राकडे, वसतिगृहातून वसतिगृहात गाणे जाऊ लागले. १९९२ साली सुमन चट्टोपाध्याय यांचा 'तोमाके चाइ' हा गीतसंग्रह निघाला. हेच गायक पुढे कबीर सुमन या नावाने ओळखले जाऊ लागले. गिटार घेऊन एकट्याने, साध्या बोलीत, शहराविषयी आणि माणसांविषयी ते गात होते. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. जे १९७७ साली विचित्र वाटले होते, ते आता लोकांना हवेहवेसे वाटू लागले. कान तयार झाले होते.

याच सुमारास कॉलेजातील नव्या मुलांनी महीनच्या घोड्यांची जुनी गाणी शोधून काढली आणि गायला सुरुवात केली. गौतम यांनी हे पाहिले. त्यांनी काय केले असते, तर जुने साथीदार गोळा करून, 'पाहा, आम्हीच पहिले!' असे सांगत कार्यक्रम करता आले असते. त्यांनी तसे केले नाही. त्यांनी नव्या मुलांना बोलावले. तुमची गाणी द्या, आमची जुनी गाणी तुमच्या आवाजात गा, असे सांगितले. या सर्व गाण्यांची मिळून १९९५ च्या कोलकाता पुस्तक मेळ्यात एक कॅसेट निघाली. तिचे नाव 'आबार बछर कुडि परे', म्हणजे 'पुन्हा वीस वर्षांनी'. हे नावही जीवनानंदांच्या कवितेतलेच. कॅसेटवर गौतम यांनी स्वतःला मोठा गायक म्हणून मिरवले नाही. ही 'महीनेर घोडागुलि संपादित' गाणी आहेत, असे सांगितले. संपादक दुसऱ्यांचे लेख निवडून मासिक काढतो, तसे त्यांनी दुसऱ्यांची गाणी निवडून कॅसेट काढली.

याच कॅसेटमध्ये 'पृथिबी' हे गौतम यांचे गाणे होते. जग लहान होत होत घरातल्या दूरचित्रवाणीच्या पेटीत येऊन बसले आहे, पण माणसामाणसांतील अंतर मात्र वाढतच आहे, असा त्याचा आशय आहे. तेव्हा मोबाइल फोन फार थोड्यांकडे होते. आज प्रत्येकाच्या हातात ती पेटी आहे. म्हणून हे गाणे आज अधिकच खरे वाटते. याच गाण्याच्या चालीवर पुढे 'भीगी भीगी' हे हिंदी गाणे तयार झाले.

त्यानंतर 'झरा समयेर गान' (१९९६), 'माया' (१९९७) आणि 'ख्यापार गान' असे आणखी तीन संग्रह निघाले. 'ख्यापा' म्हणजे वेडा. बाउलांना लोक प्रेमाने ख्यापा म्हणतात, जसे सूफी कवितेत दीवाना म्हणतात. २० जून १९९९ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने गौतम चट्टोपाध्याय यांचे निधन झाले. पुढे २०२० साली रंजन घोषाल आणि २०२३ साली तापस दास हेही गेले.

आता प्रश्न असा की, हे पथक यशस्वी झाले की अयशस्वी? केवळ तबकड्यांचा खप पाहिला तर अयशस्वी म्हणावे लागेल. सहा-सात वर्षे, तीन ध्वनिमुद्रिका आणि बोटांवर मोजता येतील इतकी गाणी. परंतु पुढचा हिशेब पाहा. १९९० नंतर बंगालीत चंद्रबिंदू, कॅक्टस, फॉसिल्स, भूमी अशी कितीतरी पथके पुढे आली. भूमी या पथकाने तर लोकगीतांनाच आपला आधार केले. गौतम यांचे पुत्र गौरव हे 'लक्ष्मीछाडा' या पथकात ड्रम वाजवू लागले. बंगालीत 'बांगला बँड' हा शब्द रूढ झाला. आपल्या भाषेत रॉक होऊ शकते का, असा प्रश्न आता कोणी विचारत नाही. तो प्रश्न ज्यांनी सोडवला, ते हे सात जण होते.

आणि आणखी एक गोष्ट. 'भीगी भीगी' गाणाऱ्या जेम्स यांच्या पथकाचे नाव काय आहे, ठाऊक आहे? 'नगर बाउल', म्हणजे शहरातला बाउल! लालन फकिरांच्या देशातला गायक, कोलकात्याच्या गाण्याची चाल, मुंबईचा चित्रपट आणि हिंदुस्तानी शब्द. मधे एका देशाची सीमा आहे. पण चालीला पासपोर्ट लागत नाही.

भाषांचेही असेच असते. बंगाली माणूस 'दोकान' म्हणतो, आपण उर्दूत आणि मराठीत 'दुकान' म्हणतो. तो 'कागज', 'कलम', 'खबर', 'जमि' म्हणतो. आपल्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. शब्द एका भाषेतून दुसरीत गेले म्हणून कोणतीही भाषा गरीब झाली नाही. एकताऱ्याशेजारी गिटार आली म्हणून बाउलांचे गाणेही बिघडले नाही; उलट ते नव्या पिढीच्या कानांपर्यंत पोहोचले.

आपल्या वर्गातही कोणी कविता लिहीत असेल, कोणी बाकावर ठेका धरून चाल जुळवत असेल. कोणी हसेल, कोणी नाके मुरडेल. हसणाऱ्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे, चूक असेल तर सुधारावी. पण केवळ कोणी हसले म्हणून काम थांबवू नये. बी पेरल्यावर दुसऱ्याच दिवशी कणीस येत नाही. काही बियांना वीस वर्षे लागतात.

शब्दार्थ

उद्विग्न – बेचैन, परेशान
प्रभाव – असर
मुक्तिसंग्राम – आजादीची लढाई
निर्वासित – मुहाजिर, पनाहगीर
भटके – खानाबदोश
ध्वनिमुद्रिका – गाण्याची रेकॉर्ड
आशय – मतलब, मफहूम
नाके मुरडणे – नापसंती दाखवणे
डोक्यावर घेणे – खूप कौतुक करणे
बोटांवर मोजता येणे – संख्येने फार थोडे असणे

स्वाध्याय

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. 'महीनेर घोडागुलि' या नावाचा अर्थ काय?
२. पथकाचे पहिले नाव 'सप्तर्षी' का होते?
३. गौतम चट्टोपाध्याय आपल्या संगीताला काय म्हणत?

(आ) तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
१. महीनच्या घोड्यांनी बंगाली गाण्यात कोणत्या तीन गोष्टी बदलल्या?
२. तबकडीपेक्षा कॅसेटमुळे गाणे अधिक लोकांपर्यंत का पोहोचले?
३. १९९५ साली गौतम यांनी नव्या मुलांना कसा वाव दिला?

(इ) वाक्यांत उपयोग करा : डोक्यावर घेणे, नाके मुरडणे, बोटांवर मोजता येणे.

(ई) उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे दहा शब्द शोधून वहीत लिहा.

(उ) तुमच्या घरातील किंवा मोहल्ल्यातील वडीलधाऱ्या माणसाला एखादे जुने लोकगीत विचारा. ते कोणत्या प्रसंगी गात असत, याची माहिती मराठीत आठ-दहा ओळींत लिहा.